१९८७ ची पोर्शे ९४४ नुकतीच घेतली असेल तर: आधी बेल्ट, मग बाकीचे लाड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८७ ची साधी, आठ व्हॉल्व्हची ९४४, सव्वा लाख मैल झालेली, बेल्ट कधी बदलले त्याची पावती नाही. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गाडी थरथरते. गरम झाल्यावर कधीकधी स्टार्टर फिरतो पण इंजिन घेत नाही. आणि तुम्हाला गाडी दोन इंच खाली घ्यायची आहे, १९८५ च्या ९४४ ची चाकं स्वस्तात मिळतायत ती टाकायची आहेत, शिवाय इंजिनच्या कॉम्प्युटरची बदललेली चिप.

चिपचं शेवटी बोलू. पावती नाही म्हणजे बेल्ट बदललेले नाहीत असं धरा आणि ते होईपर्यंत गाडी चालवू नका. घरी आणायची तरी फ्लॅटबेडवर टाकून आणा. हे इंजिन असं आहे की टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात फिरवणारा) तुटला किंवा काही दात सरकला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, आणि हिशेब गाडीच्या किमतीच्या आसपास जातो. कंपनीचा आकडा ४५,००० मैलांचा होता. जाणते मालक ३०,००० मैल किंवा तीन-चार वर्षं, यातलं जे आधी येईल ते धरतात. नुसती उभी असलेली गाडीही यातून सुटत नाही, कारण रबर वयानेही जातं.

या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या पाठीवर फिरतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं की बेल्टही गेला. म्हणून पंपाचा इतिहास माहीत नसताना फक्त बेल्ट बदलणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. एकदम मागवा: टायमिंग बेल्ट, बॅलन्स शाफ्टचा (इंजिनचं कंपन मारणाऱ्या दोन दांड्यांचा) बेल्ट, दोन्हींचे सगळे रोलर, वॉटर पंप आणि गॅस्केट, थर्मोस्टॅट त्याच्या सील आणि सर्क्लिपसकट (तो पंपाच्या तोंडातच बसतो), क्रँकचं पुढचं ऑइल सील, कॅमचं सील, दोन्ही बॅलन्स शाफ्टची सीलं आणि ओ-रिंग, कूलंटचे वरचे-खालचे होज, बाहेरचे पट्टे. सीलं महाग नाहीत, पण त्यातून झिरपणारं तेल नव्या बेल्टवर आलं तर तो बेल्ट पुन्हा फेकावा लागतो. रीबिल्ट पंप घेत असाल तर बसवण्याआधी चाक हाताने फिरवून बघा. खरखर किंवा डगडग जाणवली तर तिथूनच परत पाठवा.

हत्यारांत तीन गोष्टींवर कंजुषी नको: बेल-हाउसिंगवर (इंजिनमागचं क्लचचं आवरण) बसणारं, फ्लायव्हील फिरू न देणारं लॉक, २१० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा टॉर्क रेंच (बारीक बोल्टसाठी वेगळा छोटा), आणि बेल्टचा ताण मोजायचं गेज. पोर्शेचं गेज ९२०१ नंबरचं. महाग आहे, पण मालकांच्या क्लबांतून उसनं मिळू शकतं. बेल्ट दोन बोटांत धरून ९० अंश पिळून बघायची पद्धत सर्रास सांगितली जाते. ती तात्पुरत्या अंदाजापुरती ठीक. तिच्यावर हायवेला जाऊ नका.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कूलंट उतरवा, रेडिएटरचे पंखे बाहेर काढा. हात जायला जागा होते ती तिथूनच. बाहेरचे पट्टे, डिस्ट्रिब्यूटरची टोपी आणि रोटर, मग प्लास्टिकची कव्हरं. स्पार्क प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या बोल्टला २४ चा सॉकेट लावून समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. बेल-हाउसिंगच्या खिडकीत फ्लायव्हीलवरची ‘ओटी’ खूण (पहिला पिस्टन सर्वांत वर आल्याची) आली पाहिजे आणि त्याच वेळी कॅमच्या चाकावरची खाच मागच्या कव्हरच्या खाचेसमोर आली पाहिजे. नुसती ओटी दिसली म्हणून पुढे जाऊ नका. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, त्यामुळे ओटी असताना कॅम अर्धा फेरा उलटाही असू शकतो. खुणांचा फोटो काढून ठेवा.

आता क्रँकचा बोल्ट. गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायचा आणि बोल्ट सोडायचा हा उपाय या गाडीत करू नका. गिअरबॉक्स मागे आहे, मध्ये लांब टॉर्क ट्यूब आहे, आणि मूळ क्लच प्लेट रबराच्या मध्यभागाची असते. बोल्ट सुटण्याआधी तो रबर पिळून फाटण्याची शक्यता जास्त. म्हातारा रबर तसाही फाटायच्या बेतात असतो, आणि क्लच बदलायचा म्हणजे टॉर्क ट्यूब मागे सरकवायचं दोन दिवसांचं काम. स्टार्टरच्या झटक्याने बोल्ट सोडायची युक्तीही नको. लॉक लावा, लांब दांडा घ्या.

पुली निघाली की पुढे दिसतो तो बॅलन्स शाफ्टचा बेल्ट. तो आधी, मग टायमिंग बेल्ट. यानंतर क्रँक किंवा कॅम एक मिलीमीटरही हलवू नका. मागचं कव्हर काढून पंप उतरवा. त्याचे छोटे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये गंजून बसलेले असतात. भेदक तेल रात्रभर, मग हीट गनने ब्लॉकची बाजू गरम करून हळूहळू मागे-पुढे करत सोडा. एक तुटला तर दिवस गेला. गॅस्केटची जागा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी खरवडणीने पडलेल्या ओरखड्यातून पुढे गळती होते. सहा मिलीमीटरचे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरच्या पुढे नेलेत तर धागे निघून येतील.

नवा टायमिंग बेल्ट क्रँकपासून घालायला घ्या आणि सगळी ढिलाई टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारा रोलर) बाजूला गोळा होऊ द्या. १९८७ पासूनच्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर येतो. तुमच्यात कोणता आहे ते डोळ्यांनी बघा, कारण जुन्या प्रकारात नुसता एक्सेंट्रिक (मध्याबाहेरच्या बिंदूभोवती फिरणारा) रोलर असतो आणि ताण हाताने द्यावा लागतो. स्प्रिंगवाल्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे तो आपोआप ताण धरत राहतो. तसं नाही. नट ढिले असतात तेवढ्याच वेळेत स्प्रिंग काम करते; नट आवळले की तो साध्या टेन्शनरसारखाच स्थिर. म्हणून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, ओटी आणि कॅमची खूण पुन्हा जुळतेय का बघा, मगच ताण मोजा. नव्या टायमिंग बेल्टला ९२०१ वर ४.० आणि बॅलन्सच्या बेल्टला २.७ हवं, दोन्हींत ०.३ इकडे-तिकडे चालतं. कमी ताणाने बेल्ट दात सोडतो हे सगळ्यांना कळतं. जास्त ताणाने पंपाचं बेअरिंग लवकर मरतं, आणि गरम इंजिनातून बेल्टची शिट्टीसारखी किंकाळी येते ती त्याची पहिली सूचना.

बॅलन्स शाफ्ट (ही कल्पना पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन वापरली) क्रँकच्या दुप्पट वेगाने आणि एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणूनच त्या बेल्टला दोन्ही बाजूंनी दात असतात. वरच्या आणि खालच्या शाफ्टचं दातेरी चाक एकच, पण त्यात चावीच्या दोन खाचा असतात: ‘ओ’ वरच्या शाफ्टसाठी, ‘यू’ खालच्यासाठी. सील बदलताना चाकं काढलीत आणि यात अदलाबदल झाली, तर बाहेरच्या खुणा जुळूनही शाफ्ट चुकीच्याच कोनात राहतात. बॅलन्सच्या बेल्टजवळचा आयडलर रोलर बेल्टला टेकून ठेवायचा नसतो. अर्धा ते एक मिलीमीटर फट ठेवा.

क्रँकचा बोल्ट २१० न्यूटन-मीटर. कूलंट फॉस्फेटमुक्त, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, एकूण साधारण साडेआठ लिटर. भरताना गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, आणि कूलंटच्या नळीच्या तोंडावरचा हवा काढायचा स्क्रू ढिला. तो पोकळ आणि नाजूक असतो, एक सुटा आणून ठेवा. बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. आणि १,५०० ते २,००० मैलांनंतर ताण पुन्हा तपासा. नवा बेल्ट सुरुवातीला बसतो. कंटाळून लोक हेच टाळतात.

आता थरथर. आयडललाच जास्त आणि आरपीएम चढवल्यावर कमी होत असेल तर इंजिन माउंट गेलेत. ते आत द्रव भरलेले असतात, आणि एक्झॉस्टच्या बाजूचा उष्णतेने आधी बसतो. बदलताना दोन्ही बदला. उलट थरथर वेगाबरोबर वाढत जात असेल, ३,००० च्या वर गिअरच्या दांड्यात मुंग्या येत असतील, तर कुणीतरी बॅलन्सचा बेल्ट चुकवून बसवला आहे. चुकीच्या कोनातले शाफ्ट हे शाफ्ट नसण्यापेक्षा वाईट, कारण ते कंपन मारण्याऐवजी त्यात भर घालतात. बेल्टचं काम आधी करायचं याचं हेही एक कारण: अर्धं निदान तिथेच होतं.

गरम असताना स्टार्ट न होण्यासाठी पुढच्या वेळी स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा मेल्यासारखा पडून असेल तर बेल-हाउसिंगवरचे दोन सेन्सर, त्यांचं ठिसूळ झालेलं वायरिंग, किंवा फ्लायव्हीलपासूनचं अंतर (०.८ मिलीमीटर). त्यांचे दोन प्लग सारखेच दिसतात; उलटे लावले तर इंजिन अजिबात घेणार नाही, तेव्हा काढण्याआधी खूण करा. काटा उडत असेल तर पहिला संशय डीएमई रिलेवर (इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच). आतले सोल्डरचे जोड तडकतात, गरम झाले की संपर्क सोडतात, निवले की पुन्हा धरतात. रिले काढून सॉकेटातल्या ३० आणि ८७बी नंबरच्या खाचा फ्यूज लावलेल्या वायरने जोडा, पेट्रोल पंप फिरताना ऐकू आला पाहिजे. ३०, ८७ आणि ८७बी तिन्ही जोडून गाडी लगेच सुरू झाली तर रिले फेका. ही जोडणी फक्त तपासणीपुरती, कारण किल्ली बंद केली तरी पंप चालूच राहतो. जुन्याचेच जोड पुन्हा सोल्डर करत बसण्यापेक्षा नवा रिले बरा, आणि एक डॅशच्या कप्प्यात असू द्या.

दोन इंच खाली घ्यायचं मात्र सोडून द्या. १९८५ च्या मध्यापासून पुढचे कंट्रोल आर्म अॅल्युमिनियमचे आहेत. गाडी फार खाली गेली की बॉल जॉइंटची दांडी तिच्या कोनाच्या टोकाला टेकते, प्रत्येक खड्ड्यात तिच्यावर वाकवणारा जोर येतो आणि ती तुटू शकते. ती तुटली की पुढचं चाक मडगार्डमध्ये. पाऊण ते एक इंचावर थांबा, तेही बॉल जॉइंट नवे किंवा मजबूत दांडीचे करून. मागे टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत, स्प्रिंग बदलून उंची बदलत नाही: थोडा फरक एक्सेंट्रिकवर मिळतो, जास्तीसाठी बार उतरवून दात बदलावे लागतात. एवढ्या पैशात चांगले डँपर आणि नवी बुशिंगं आली तर गाडी वळणात जास्त सुधारेल.

१९८५ ची ती चाकं घेऊ नका. बोल्टचं माप ५×१३० (१३० मिलीमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) दोन्हींचं सारखंच, त्यामुळे बसतात म्हणून लोक फसतात. पण १९८७ पासून ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) साधारण २३ मिलीमीटरचा ५२ झाला. जुनी चाकं तुमच्या गाडीवर जवळजवळ २९ मिलीमीटर बाहेर येतील, मडगार्डला घासतील आणि बेअरिंगवर जादा भार टाकतील. नंतरच्या टर्बोची १६ इंची शोधा, पुढे ७ आणि मागे ८ रुंदीची. २०५/५५ आणि २२५/५० टायर नीट बसतात.

चिप: टर्बो नसलेल्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात तिचा फरक स्टॉपवॉचला कळेल, पाठीला कळणार नाही. ते पैसे व्हॅक्यूमच्या होजना लावा, आयडलची अर्धी कुरकुर तिथे असते.

चाकांचे नट अॅल्युमिनियमचे आहेत, इम्पॅक्ट गन लावू नका. हाताने, तिरक्या क्रमाने, १३० न्यूटन-मीटर, आणि पन्नास मैलांनी पुन्हा एकदा.