बॅटरीला दोष देऊ नका, आधी फिल्टरचे स्विच बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: व्हँडरस्टीनचे ५ए स्पीकर, १०० किलोओहम इनपुट रेझिस्टन्सचा ट्यूब ॲम्प काढून २० किलोओहमचा ट्रान्झिस्टर ॲम्प आणला, आणि तेव्हापासून आवाज पातळ. फिल्टरच्या बॅटऱ्या बदलल्या, स्पीकरमागचे बास कमीजास्त करणारे अकरा पॉटही (फिरवून लावायचे रेझिस्टर) फिरवले, फरक शून्य.

पॉट आधी होते तिथे परत न्या. जुन्या जागा लिहून ठेवल्या असतील अशी आशा करतो.

फिल्टर म्हणजे प्रीॲम्प (जिथे व्हॉल्यूम असतो) आणि पॉवर ॲम्प (जो स्पीकर चालवतो) यांच्या मधे बसवलेला तो डबा. त्यात मुख्यतः एक कपॅसिटर असतो, तो केवढा हे डब्यावरच्या स्विचनी ठरतं. फिल्टरचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे रेझिस्टन्स, तुमच्या ॲम्पचं इनपुट पुरवतं. म्हणून ॲम्प बदलला की कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली फिल्टर सिग्नल कमी करत जातो तो बिंदू, सरकतो. १०० हर्ट्झचा कटऑफ हवा तर १०० किलोओहमला साधारण १६ नॅनोफॅरड लागतात, २० किलोओहमला ८०. तुमचे स्विच अजून जुन्या जागी असतील, तर कटऑफ ५०० हर्ट्झवर गेलाय. स्पीकरमधला सबवूफरचा ॲम्प फक्त १०० हर्ट्झपासून खाली होणारी घट भरून काढतो. त्याला अपेक्षेपेक्षा अकरा ते चौदा डेसिबल कमी सिग्नल मिळतोय, आणि १०० ते ५०० मधली घट तर कोणीच भरत नाहीये. डग्गा हलका वाटणं आणि गायकाच्या खर्जातला जीव जाणं, दोन्हीचं कारण हेच असणार.

बॅटरीचा यात काही संबंध नाही. ती कपॅसिटरवर स्थिर व्होल्टेज ठेवते, एवढंच. ती मेली तरी कटऑफ तिथेच राहतो. तिच्यातून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकते, आणि नेमकी त्यामुळेच विसरली जाते. मग आपल्या दमट पावसाळ्यात एखादी अल्कलाइन बॅटरी गळते आणि क्लिप खाऊन टाकते. मी दर दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला बदलतो. त्या दिवशी हत्यारं बाहेर असतातच. आधी पॉवर ॲम्प बंद करा, नाहीतर बॅटरी काढता-घालताना स्पीकरमधून धप्पकन आवाज येईल. नवी बॅटरी घातल्यावर आवाज काही दिवसांत ‘उमलतो’ म्हणतात. मला तरी कधी कळलेलं नाही.

स्विच लावताना ॲम्पच्या माहितीपत्रकातला इनपुट रेझिस्टन्सचा (तिथे ‘इनपुट इम्पीडन्स’) आकडा घ्या, अंदाज नको. आरसीए आणि एक्सएलआर या दोन प्रकारच्या जोडांच्या इनपुटचे आकडे पुष्कळदा वेगळे असतात. तुम्ही वापरता तोच पाहा. जुने स्विच असतील तर ॲम्प बंद असताना आठ-दहा वेळा खालीवर करा, संपर्क साफ होतो.

मग खात्री करा. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला मल्टिमीटर एसीवर लावा, प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका. ४०० हर्ट्झचा टोन वाजवून व्हॉल्यूम असा ठेवा की १ व्होल्ट दिसेल. आता व्हॉल्यूमला हात न लावता तेवढ्याच पातळीचा १०० हर्ट्झचा टोन: साधारण ०.७३ यायला हवं. ५० हर्ट्झला ०.४६. हजार हर्ट्झचा टोन संदर्भाला घेऊ नका, स्वस्त मीटर तिथे थापा मारतात. दोन्ही चॅनल वेगवेगळे मोजा. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे एकदा डाव्या फिल्टरचा एक स्विच अर्धवट सरकलेला होता, आणि मी तीन आठवडे सोफा, गालिचा, पुस्तकांचं कपाट हलवत होतो. बायकोने शेवटी विचारलं, पाहुणे बसणार कुठे?

‘एकदा फिल्टर काढून वाजवून बघतो’ असं लिहिलंय तुम्ही. ते करू नका. फिल्टर नसला की सबवूफरची भरपाई सरळ मूळ सिग्नलवर चढते. २० हर्ट्झला १४ डेसिबल जादा. आतला ॲम्प आणि बारा इंची ड्रायव्हर दोघेही त्या ओझ्याखाली येतात. उलटी चूकही अशीच: समजा पुढे कधी परत १०० किलोओहमचा ॲम्प लावलात आणि स्विच २० किलोओहमवरच राहिले, तर कटऑफ २० हर्ट्झवर उतरेल आणि खोली घुमायला लागेल.

मोजलेले आकडे इथेच टाका. दोन्ही बाजू बरोबर निघाल्या आणि तरी आवाज पातळ वाटला, तर मग पॉटकडे वळू.