डाग दाखवलात, आता तारीख सांगा

प्रश्न : डाळिंबावरच्या डागाचा फोटो तिघांना पाठवला. एक म्हणतो तेल्या, दुसरा म्हणतो सर्कोस्पोरा, दुकानदाराने ‘दोन्हींवर चालेल’ म्हणून औषध दिलं. कुणाचं खरं मानू? (सांगोला)

तिघांनीही अंदाज बांधला. फोटोवरून मीही तेच केलं असतं. तेल्याचा डाग सुरुवातीला तेलकट, पाणी मुरल्यासारखा असतो. पान उजेडाकडे धरा, डागाची ओलसर कड दिसेल. फळावरचा डाग वाढला की तिथे एल किंवा वाय आकारात साल तडकते. सर्कोस्पोराचे डाग कोरडे, काळपट, आणि तिथे असा तडा जात नाही. तेल्या जिवाणूमुळे होतो, सर्कोस्पोरा ही बुरशी. निव्वळ बुरशीनाशकाने तेल्या हटत नाही, म्हणून ‘दोन्हींवर चालेल’ हे शब्द ऐकले की मी सावध होतो.

फोटोबरोबर एवढं लिहून पाठवा : बहार कोणता (म्हणजे कोणत्या हंगामाची फुलं धरलीत), छाटणी कधी झाली, डाग दिसण्याआधी पाऊस कधी पडला आणि पंधरा दिवसांत काय काय फवारलं. शेवटचं लोक लपवतात. दोन-तीन औषधं एका टाकीत कालवली हे सांगायला संकोच वाटतो. पण औषधाने भाजलेलं पान आणि रोगाने करपलेलं पान फोटोत सख्खी भावंडं दिसतात. तुम्ही गप्प राहिलात की आम्ही भलत्याच रोगाचं नाव घेतो.

प्रश्न : प्रयोगशाळेत झाड नेलं, ‘नमुना खराब’ म्हणून परत पाठवलं. काय चुकलं? (जुन्नर)

बहुधा झाड पुरतं वाळलेलं होतं. मेलेल्या झाडावर मागाहून आलेली बुरशीच आम्हाला सापडते, मूळ गुन्हेगार नाही. रोग नुकताच लागलेलं झाड निवडा. डाग आणि त्याला लागून हिरवा भाग, दोन्ही हवेत. पानं वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ती सडतात. मर असेल, म्हणजे झाड उभ्या उभ्या सुकत असेल, तर मुळं मातीसकट आणा. शुक्रवारी कुरिअर करू नका, रविवारभर ते कुठेतरी पडून राहतं.

टोमॅटोच्या मरीची एक परीक्षा घरीच होते. ताज्या खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकता धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला, तर मर जिवाणूची.

प्रश्न : रोगाचं नाव बाहेर फुटलं की व्यापारी भाव पाडतो. मग कळवायचं कशाला? (संगमनेर)

ही भीती खरी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात तुमच्याच भागात टोमॅटो एकसारखा पिकेना, फळांवर रंगांचे पट्टे आले, आणि तपासणीआधीच ‘तिरंगा व्हायरस’ हे नाव गावभर झालं. कोरोनाचे दिवस, गिऱ्हाईक बिचकलं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवर्गीय पिकांवरचा जुना ओळखीचा मोझॅक विषाणू सापडला. तो मावा या किडीमार्फत पसरतो, माणसाला बाधत नाही. निदानाआधी नाव पसरलं, तिथे नुकसान झालं. म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी कृषी विज्ञान केंद्राला (केव्हीके) नमुना द्या. शेजाऱ्याला मात्र लगेच सांगा : तेल्या असेल तर त्याच्या बागेतून आलेली कात्री तुमच्या बागेत आणि तुमची त्याच्याकडे जाणं आधी थांबायला हवं.

प्रश्न : कीड-रोगांची निरीक्षणं नोंदवणारे येतात, मोजतात, जातात. आम्हाला काय मिळतं? (वाशिम)

तक्रार रास्त आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांनी धुमाकूळ घातला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोगांवर नजर ठेवून सल्ला देणारा सरकारी प्रकल्प सुरू झाला. शेतातल्या नोंदी कृषी विद्यापीठांकडे जाव्यात आणि सल्ला शेतात परत यावा, अशी ही साखळी. अर्धी साखळी अडली तर तुम्ही सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) थेट विचारा, ‘या आठवड्याचा सल्ला काय?’ शेतातून संशोधकांकडे जाणारी वाटही मोलाची आहे. द्राक्षातल्या डाऊनी (केवडा) रोगावर स्ट्रॉबिल्युरीन गटाची बुरशीनाशकं चालेनाशी झाली, याचा पुरावा महाराष्ट्रातल्या बागांतूनच गोळा केलेल्या नमुन्यांत मिळाला.

प्रश्न : द्राक्षवेलींवर ताक फवारलं, भुरी (पांढरी बुरशी) गेली. तुम्ही मानाल? (तासगाव)

मानायला तयार आहे. ताक किती दिवसांचं, किती लिटर पाण्यात, कोणत्या तारखेला? आणि ज्या वेलींवर मारलं नाही त्यांचं काय झालं? ऊन कडक झालं की भुरी आपोआपही मागे हटते. पुढच्या वेळी दोन ओळी कोऱ्या सोडा आणि त्यांचेही फोटो पाठवा.