प्रोजेक्टर घेतलात दादा, पण लेकीचं ऐकलंत का?

नमस्कार दादा,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं, सगळं वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हे दादा सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे. लेक डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांची पदविका) दुसऱ्या वर्षाला, इंटर्नशिप शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत, तिसरीचा वर्ग, ३८ पोरं. कॉलेजनं सांगितलंय की एक सराव पाठ तंत्रज्ञान वापरून घ्यायचा. तर दादांनी पतसंस्थेचं कर्ज काढून लॅपटॉप घेतला, छोटा प्रोजेक्टर घेतला, इंजिनिअरिंगच्या भाच्याकडून ६२ स्लाइडची पीपीटी करून घेतली, आणि आता एका ‘डिजिटल टीचर’ सर्टिफिकेट कोर्सला ४५,००० भरायचे का विचारतायत. त्यातले ५,००० भरून पण झालेत. शिवाय बारावीला ७४ टक्केच आहेत म्हणून टेन्शन.

टक्क्यांचं सोडा. कोर्सचं पण सांगते, पण आधी दुसरंच बोलायचंय.

अख्ख्या पत्रात तुमच्या लेकीचं म्हणणं फक्त एका ओळीत आलंय. तुम्ही लिहिलंय, ‘ती म्हणते पप्पा निम्म्या पोरांना अजून धड वाचता येत नाही, स्लाइडवरचं कोण वाचणार, पण मी म्हणालो ते नंतर बघू, आधी पाठ जोरदार झाला पाहिजे.’ अहो दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात हुशार ओळ तीच आहे आणि ती तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणून गुंडाळून ठेवली! वर्गात काय कमी आहे हे तिला दिसलंय. नोकरीला वीस वर्षं झालेल्या कितीतरी जणांना ते दिसत नाही, ते सिलॅबस संपवतात आणि घरी जातात. मागावर धागा तुटला तर तुम्ही आधी माग थांबवता का चादरीची डिझाइन बदलायला घेता? ती माग थांबवा म्हणतीये आणि तुम्ही डिझाइन घेऊन मागं लागलाय.

आणि पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलाय की ती हल्ली कॉलेजवरून आली की बोलत नाही, नीट जेवत नाही, ‘कामाचं टेन्शन असेल’. कामाचं नाही वाटत मला. रोज संध्याकाळी घरात पाय ठेवला की ‘आज प्रोजेक्टर लावला का, सर काय म्हणाले, फोटो काढला का’ हे तुम्ही विचारता, हे पण तुमच्याच पत्रात आहे. कर्जाचा हप्ता किती तारखेला जातो हे तिला पाठ असणार. मला राग येतो असं वाचलं की, आणि वाईट पण वाटतं, कारण तुमची माया खरी आहे हो, पोटाला चिमटा काढून करताय सगळं. पण त्या मायेचं ओझं वीस वर्षांच्या पोरीनं उचलून वर्गात जायचं, आणि तिथं भाच्यानं केलेला पाठ स्वतःचा म्हणून दाखवायचा, हे कुणालाही झेपणार नाही.

आता तुम्ही लिहिलंय ते ‘आपल्या जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींसारखं नाव झालं पाहिजे’. हा गैरसमज सोलापुरात घरोघरी आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. रणजितसिंह डिसले यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, १० लाख डॉलर, आणि लोकांच्या डोक्यात एवढंच बसलंय की क्यूआर कोड लावले आणि जगात नंबर आला. पण त्यांनी सुरुवात कुठून केली ते बघा की. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, पोरांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं त्या भाषेत नाहीत. त्यांनी पुस्तकं पोरांच्या भाषेत आणली, आणि क्यूआर कोड आला तो त्या पुस्तकांच्या पानावर, म्हणजे स्कॅन केलं की कविता ऐकू येते, गोष्ट येते, व्हिडिओ येतो. पोराला काय अडतंय हे आधी शोधलं, कोड नंतर लावला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी फायनलमधल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली, ते कुणाला सांगितलं की ‘हो का?’ म्हणतात, क्यूआर कोड मात्र सगळ्यांच्या लक्षात. तुमच्या लेकीच्या वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गुरुजींसारखं काम तिच्या समोर आयतं आहे, तुम्ही तिला प्रोजेक्टरमागं पळवताय.

नोकरीचा रस्ता तुम्हाला माहितीच आहे: टीईटीचा, म्हणजे राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर १ (१५० पैकी ओपनला ९० लागतात) किंवा केंद्राची सीटीईटी, मग टेट म्हणजे भरतीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल म्हणजे सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांची यादी टेटच्या मार्कांवर लागते, मुलाखत नसते, तिथं कुठल्याही ‘डिजिटल टीचर’ सर्टिफिकेटला एक मार्क मिळत नाही. ‘हमखास नोकरी’ असं त्या संस्थेनं तोंडी सांगितलंय ना, तेच लेटरहेडवर लिहून मागा, मग बघा कसा आवाज बदलतो. आणि भाचा म्हणतोय ‘त्यापेक्षा बी.एड. कर’, तर ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही. तिचं डी.एल.एड. बरोबर आहे.

आता पुढचं तिला वाचायला द्या. तुम्ही नंतर वाचा.

बाळा, तंत्रज्ञानाचा पाठ घ्यायचाच आहे तर तुझ्या हातातला फोन पुरे आहे. रोज पाच पोरांना एकेक करून व्हरांड्यात घे, त्यांच्याच पुस्तकातला एक उतारा द्यायचा, एक मिनिट वाचायला लावायचं आणि फक्त आवाज रेकॉर्ड करायचा. आठ दिवसांत अख्खा वर्ग होतो. तिसरीच्या शेवटी पोरानं मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असं केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या मोहिमेत धरलंय, पण तू नुसते शब्द मोजत बसू नको, घरी ऐकताना लिहून काढ की कोण जोडाक्षराला अडतंय, कोण वेलांटीला, कोण अक्षर ओळखतंय पण शब्द जोडत नाही, आणि कुणाला वाचता येतंय पण मराठी शब्दच माहिती नाही. हे शेवटचं तेलुगू घरातल्या पोरांचं जास्त असेल, आणि त्यांना ‘कच्ची’ म्हणून मागं बसवतात, जे चूकच आहे. त्यांच्या आज्जीकडनं एखादी तेलुगू गोष्ट रेकॉर्ड करून आण, वर्गात ऐकव, मग तीच मराठीत पोरांनाच सांगू दे, तू फळ्यावर लिही. झाला वाचनपाठ.

दोन आठवड्यांनी तोच उतारा परत वाचून घे आणि पोराला दोन्ही रेकॉर्डिंग ऐकव. स्वतःचा आवाज ऐकायला पोरांना भारी आवडतं, आणि आपण कुठं अडखळलो ते तीच सांगतात, तुला बोलावं लागत नाही.

पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उघडतात, पण आदल्या दिवशी घरी बघून ठेव आणि कामाची दोन मिनिटंच दाखव. गुगलचं रीड अलाँग पण बघ, पोरगं मोठ्यानं वाचतं आणि अडलं की ॲप मदत करतं, मराठी आहे, तेलुगू आहे, गोष्टी आधी डाउनलोड करून ठेवल्या तर नेट लागत नाही. घरचा अभ्यास मात्र फोनवर देऊ नको. आई दिवसभर विड्या वळतीये, घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर कारखान्यात, मग पोरगं सकाळी अभ्यास न करता आलं म्हणून ओरडा कुणी खायचा?

आणि पोरांचे चेहरे रील्सवर टाकायचे नाहीत. अडखळत वाचणारं पोरगं लाइकसाठी दाखवणारे मास्तर हल्ली बरेच झालेत, तू त्यात जाऊ नको. रेकॉर्डिंग करायच्या आधी मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचार, काम झालं की डिलीट कर.

पाठ टाचणात हे सगळं लिही, साधन म्हणून ‘मोबाइल, ध्वनिमुद्रण’ टाक आणि कुठल्या पोरासाठी काय बदललं ते नोंदव. लाइट गेली तर काय करणार हे पण लिही. निरीक्षक सर पीपीटी कुठंय म्हणाले तर एका पोराचं आधीचं आणि नंतरचं वाचन त्यांना ऐकव.

दादा, प्रोजेक्टरचं बिल असेल तर दुकानदाराशी बोला, परत घेतोय का बघा. लॅपटॉप राहू दे, टीईटीच्या अभ्यासाला लागेल. कोर्सवाल्यांना लेखी अर्ज द्या, नाव काढून घेतोय, ५,००० परत करा म्हणून, अर्जाच्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्या. नाहीच दिले तर ५,००० वर पाणी सोडा, राहिलेले ४०,००० तरी वाचतील.