‘सद्गुणांतून शक्ती’ की ‘गुण येणे’?

प्रश्न असा आहे: एका अ‍ॅनिमेटेड मालिकेच्या मराठी सबटायटल्समध्ये ‘ही रत्नं सद्गुणांतून शक्ती खेचतात’ असं वाक्य आलं. ते खटकतं, मग काय म्हणावं?

खटकतं ते बरोबरच. आधी ‘सद्गुण’ सोडा. २०१० साली सुरू झालेल्या ‘माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक’ या मालिकेत अशीच रत्नं आहेत, आणि त्यांच्याशी जोडलेल्या गुणांत प्रामाणिकपणा, दयाळूपणा, उदारपणा आणि निष्ठा यांच्या बरोबरीने हास्यालाही स्थान आहे. हसण्या-हसवण्याला आपण सद्गुण म्हणत नाही. ‘तिच्या अंगी तो गुणच आहे’ असं म्हणतो.

आणि ‘गुण’ घेतला की पुढचंही सुटतं. ‘औषधाचा गुण आला’, ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ यातला गुण म्हणजे चांगुलपणा नव्हे, परिणाम घडवण्याची ताकद. स्वभाव आणि सामर्थ्य एकाच शब्दात! इंग्रजी ‘व्हर्च्यू’ (आज ज्याचं भाषांतर आपण ‘सद्गुण’ करतो) हाही शब्द पूर्वी तसाच वापरत: वनौषधीचं किंवा रत्नाचं व्हर्च्यू म्हणजे त्याच्या अंगची शक्ती. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘विर’, म्हणजे पुरुष. हा ‘विर’ आणि आपला ‘वीर’ एकाच कुळातले. वीरपासून ‘वीर्य’, आणि आयुर्वेदात द्रव्याचं वीर्य म्हणजे त्याची कार्यशक्ती. दोन भाषा एवढ्या लांबून एकाच वाटेने चालत आल्या, हे मला फार सुंदर वाटतं. सबटायटलात मात्र ‘वीर्य’ नको. आजचा रूढ अर्थ आड येईल.

‘खेचणे’ही नको. खेचलं की देणाऱ्याकडचं कमी होतं, निष्ठा तशी संपत नाही. मी लिहीन: ‘जिच्या अंगी निष्ठा, तिच्याच हाती या रत्नाचा गुण येतो.’

एका ठिकाणी मात्र मी ‘सत्त्व’ वापरेन. ‘डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर’मध्ये (१९९९) धैर्याचं चिन्ह लाभलेला मुलगा ते चिन्ह जागवायच्या हट्टापायी मुद्दाम स्वतःला धोक्यात घालतो, आणि त्याचा सोबती, रूप बदलू शकणारा डिजिमॉन नावाचा प्राणी, भलत्याच रूपात जातो, नुसता चवताळलेला सांगाडा होतो. धैर्याचा आव आणून चिन्ह फसत नाही. तिथे ‘चिन्हाने त्याचं सत्त्व पाहिलं’ हे चार शब्द पुरेत. सत्त्व म्हणजे माणसाचा कस, आणि वनस्पतीचा अर्कही.