मॅन्युअल की ऑटोमेशन? आधी मुलीला विचारा

सांगलीहून एका वडिलांनी लिहिलंय : मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, टेस्टिंगमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या कामात) जाणार आहे. मॅन्युअल टेस्टिंग (स्वतः हाताने तपासणं) म्हणजे कारकुनी, म्हणून पुण्यात सहा महिन्यांच्या ऑटोमेशनच्या (तपासणी प्रोग्रॅमकडून करून घेण्याच्या) क्लासला घालतोय. फीसाठी सोनं तारण ठेवू. क्लासवाले दोन वर्षांचं अनुभवपत्रही देतात. निर्णय बरोबर ना?

तुमच्या पत्रात मामांचं मत आहे, क्लासवाल्यांचं आहे, चुलतभावाचं पॅकेज आहे. मुलगी एकाच ओळीत भेटते, तीही तक्रार म्हणून : ‘शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसवलं, तर जन्मतारखेत ३१ फेब्रुवारी टाकून बघते, आडनावात आकडे घालते.’ अहो, ज्यासाठी तिला रागावता, त्याचाच टेस्टरला पगार मिळतो! फॉर्म कुठे फसतो हे तिला न शिकवता बघावंसं वाटतं. तिला नेमकं काय करायचंय, हे घरात कुणी विचारलंय का? चुलतभावाचं पॅकेज रोज ऐकवत असाल तर आजपासून बंद करा. आपल्यासाठी आईचे दागिने बँकेत गेलेत हे डोक्यात ठेवून शिकणारी मुलगी पहिला प्रोग्रॅम अडला तरी स्वतःला नालायक ठरवते.

मॅन्युअल खालची पायरी आणि ऑटोमेशन वरची, हा समज आधी काढून टाका. स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप तपासणारा प्रोग्रॅम, तेवढंच तपासते, जेवढं कुणीतरी विचार करून तिच्यात लिहिलंय. समजा, पैसे पाठवायच्या वेबसाइटची मर्यादा १ ते १,००,००० रुपये आहे. चांगला टेस्टर पाचशे-हजार टाकत बसत नाही. तो ०, १, १,००,००० आणि १,००,००१ टाकतो, कारण चुका बहुधा काठावर लपलेल्या असतात. हे आकडे माणसाला सुचावे लागतात. सुचले, की दर नव्या आवृत्तीत तेच पुन्हा तपासायचं काम सेलेनियमसारख्या ऑटोमेशनच्या साधनावर सोपवावं, तिथे माणूस राबवणं चूकच. पण ‘पाठवा’ दाबलं, तेवढ्यात नेट गेलं, घाबरून पुन्हा दाबलं, तर पैसे दोनदा जातील का? हा प्रश्न स्क्रिप्टला आपणहून पडत नाही. बटणावरचा मराठी मजकूर अर्धाच दिसतोय, हेही बहुतेक वेळा माणसाच्याच नजरेला खुपतं.

तरी स्पष्ट सांगते, निव्वळ मॅन्युअलवर फ्रेशरला आता संधी कमी. प्रोग्रॅमिंग यायलाच हवं, पण क्रमाने. आधी टेस्ट केस (काय, कसं तपासायचं) आणि बग रिपोर्ट (सापडलेल्या चुकीची नोंद) नीट लिहिणं, सोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. मग जावा किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पोस्टमन या साधनावर एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण) तपासणं, आणि त्यानंतर सेलेनियम किंवा तसंच प्लेराइट. ही शेवटची दोन्ही साधनं फुकट आहेत. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची फाउंडेशन परीक्षा (४० प्रश्न, पास व्हायला २६ गुण) सवडीनं द्यावी. एमसीए करायचं असेल तर सीईटी आहेच.

सोनं घरीच राहू द्या. दोन-तीन महिने तिला घरी शिकू द्या, मग क्लास लागेल की नाही हे ती सांगेल. आणि लागलाच, तरी हा क्लास नको. न केलेल्या नोकरीचं अनुभवपत्र ही सरळ फसवणूक आहे. कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जुनी नोकरी, पीएफच्या नोंदी तपासतात. खोटं निघालं तर हातची नोकरी जाते, आणि नाव मुलीचं खराब होतं, क्लासचं नाही.