कपड्यांच्या पुरवठा साखळीत सक्तीची मजुरी नाही, याची खात्री छोट्या ब्रँडने कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा छोटा ब्रँड आहे, माल तीन कारखान्यांतून शिवून घेता, तिघांकडेही सोशल ऑडिटचं, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याच्या तपासणीचं, सर्टिफिकेट आहे. तेवढ्यावर निश्चिंत राहावं का, आणि राहू नये तर आणखी काय करावं?

मी बरीच वर्षं खरेदीदारांच्या वतीने गारमेंट युनिट आणि सूतगिरण्या तपासत आले आहे. त्यावरून स्पष्ट सांगते, सर्टिफिकेटवर विसंबू नका. कामगार त्या जागी पोचला कसा, आणि त्याला उद्या काम सोडून जावंसं वाटलं तर जाता येईल का, या दोन प्रश्नांचा पिच्छा पुरवा. नेहमीच्या ऑडिटमध्ये अग्निशामक नळकांडी मोजायला जेवढा वेळ दिला जातो, तेवढाही या दोन प्रश्नांना मिळत नाही.

आधी नेमकं काय शोधायचं ते बघू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० सालच्या २९ क्रमांकाच्या कराराप्रमाणे, शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेलं काम म्हणजे सक्तीची मजुरी. शिक्षा म्हटलं की आपल्याला मारहाण आठवते, पण अडकवून ठेवलेला पगार, मालकाच्या कपाटात बंद असलेला पासपोर्ट, 'तुझ्या गावी कळवतो' ही धमकी, न फिटणारी उचल, हे सगळं त्यात येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, एक पाऊल पुढे टाकलं. पोटाची भूक आणि गरिबी हासुद्धा जोरच आहे, म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी ठरते, असा तो निकाल आहे. जगभरात मिळून २०२१ मध्ये २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे.

आता सर्टिफिकेटबद्दल. कराचीतल्या एका गारमेंट कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. त्या कारखान्याला जगभर मान असलेलं सामाजिक निकषांचं सर्टिफिकेट जेमतेम काही आठवड्यांपूर्वी मिळालं होतं. गज आणि कुलूप तर डोळ्यांना दिसतात. तेही ज्या तपासणीच्या नजरेतून सुटतात, तिला कामगाराच्या अंगावरचं कर्ज कसं दिसणार? ऑडिटची तारीख आधी कळलेली असते, कोणाशी बोलायचं हे बऱ्याचदा मॅनेजर ठरवतो आणि फी भरतो तो कारखानाच.

एका सूतगिरणीच्या वसतिगृहात मी मुलींशी बोलत होते. पगार वेळेवर होतो का, ओव्हरटाइम मर्जीने करता का, या प्रश्नांना प्रत्येकीचं उत्तर अक्षरशः तेच आणि त्याच क्रमाने. मग मी विचारलं, मागच्या रविवारी बाजारात कोण कोण गेलं होतं? सगळ्या गप्प. फाटकावरची वही मागवून घेतली. त्यात 'बाहेर जाण्याचं कारण' या रकान्याशेजारी 'सोबत कोण' असा रकाना होता आणि प्रत्येक ओळीला वॉर्डनची सही. घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय एकही मुलगी फाटकाबाहेर पडल्याची नोंद नव्हती. कामाचे तास, वय, किमान वेतन, सगळी कागदपत्रं चोख होती. फाटकावरची वही मात्र ऑडिटच्या यादीतच नव्हती.

म्हणून कारखान्यात गेलात की तीन गोष्टी आवर्जून मागा. एक ही वही. दुसरं, पगारपत्रकातल्या 'इतर कपात' या रकान्याचा तपशील, कारण उचलीचे हप्ते, एजंटचे पैसे, खोलीचं भाडं हे सगळं तिथेच दडवलेलं असतं. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे गेल्या वर्षात काम सोडून गेलेल्यांची यादी आणि त्यांचा शेवटचा हिशेब. काम सोडताना माणसाला त्याचे कमावलेले पैसे पूर्ण आणि लगेच मिळाले का? की महिना-दीड महिना अडकवून ठेवले, 'बदली माणूस दे मग सोडतो' म्हणाले? आणि शेकडो कामगारांच्या युनिटमध्ये वर्षभरात जवळजवळ कोणीच सोडून गेलं नसेल, तर ते निष्ठेचं लक्षण समजू नका, तिथे जास्त खोलात जा. जमलं तर सोडून गेलेल्या दोन-चार जणांशी कारखान्याबाहेर, त्यांच्या भाषेत बोला. आत असलेला माणूस जे बोलू शकत नाही, ते बाहेर पडलेला बोलतो.

दुसरी अडचण अशी, की तुमची तिन्ही सर्टिफिकेटं शिलाईची आहेत. कापूस वेचणी, जिनिंग (सरकी काढून रुई वेगळी करणं), कताई, विणाई, रंगाई हे सगळं त्याच्या मागे आहे आणि सक्ती बऱ्याचदा तिथे असते. तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांमधली सुमंगली योजना याचं ठळक उदाहरण आहे. गरीब घरातल्या किशोरवयीन मुलींना साधारण तीन वर्षांच्या बोलीवर गिरणीत आणायचं, वसतिगृहात ठेवायचं, दरमहा हातावर थोडं टेकवायचं आणि मोठी रक्कम मुदत संपल्यावर एकदम द्यायचं कबूल करायचं. आई-बाप ती रक्कम लग्नासाठी, हुंड्यासाठी धरून बसतात. आजारपणामुळे किंवा त्रास सहन न होऊन मुलगी मुदतीआधी निघाली, तर त्या रकमेवर पाणी सोडावं लागतं. ती रक्कम म्हणजे तिचाच राखून ठेवलेला पगार असतो. दिंडीगुल, इरोड, कोइम्बतूर या भागातल्या गिरण्यांवर २०११ नंतर बरेच अहवाल आले, नावं बदलली, काही ठिकाणी पद्धत खरोखर सुधारली. पण 'मुदत पूर्ण केल्यावर बोनस' असं काही तुमच्या साखळीत कुठेही दिसलं, तर तिथेच थांबून नीट विचारपूस करा.

परदेशी कामगार जिथे असतील तिथे सक्तीची सुरुवात कारखान्याच्या फाटकावर होत नाही, ती कामगाराच्या गावी, एजंटच्या घरी होते. मलेशिया, तैवान, जॉर्डन इथल्या कापड आणि कपड्यांच्या कारखान्यांत नेपाळ, बांगलादेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया अशा देशांतून लोक जातात. जाण्यासाठी एजंटला मोठी रक्कम भरतात, तीही सावकाराकडून व्याजाने काढून. ते कर्ज फिटेपर्यंत मालकाने कसंही वागवलं तरी तोंड उघडायची सोय राहत नाही. यावर उपाय एकच आणि तो अगदी सरळ आहे: भरतीचा सगळा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून एक पैसा घ्यायचा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१६ सालच्या न्याय्य भरतीच्या तत्त्वांतही हेच म्हटलं आहे. करारात हे लिहून घ्या. आणि आधीच भरलेले पैसे कामगारांना परत मिळाले पाहिजेत, हेही लिहून घ्या. दुसरं वाक्य नसेल, तर आज कामावर असलेल्या माणसाच्या कर्जात पैचाही फरक पडत नाही.

मागच्या पायऱ्यांपर्यंत पोचायचं कसं? कच्च्या मालाचा मेळ घालून. १०० किलो सरकीसह कापसातून ढोबळमानाने ३३ ते ३५ किलो रुई निघते, पुढे कताईत आणखी घट होते. गिरणीने 'अमुक ठिकाणचं' म्हणून विकलेलं सूत आणि तिने तिथून घेतलेल्या गाठी यांचं वजन जुळत नसेल, तर उरलेला कापूस दुसरीकडून आला आहे. तुम्हाला प्रत्येक वेळी हे जमणार नाही, पण लॉट नंबर, गाठींच्या पावत्या आणि जॉबवर्कची (बाहेर करून घेतलेल्या कामाची) चलानं मागायला सुरुवात केली की सप्लायरलाही कळतं की इथे विचारणारं कोणीतरी आहे. रेशांची प्रयोगशाळेत तपासणी करून कापूस कुठल्या प्रदेशातला, हेही आता बऱ्यापैकी सांगता येतं. तो कोणत्या परिस्थितीत वेचला गेला, हे मात्र प्रयोगशाळेत कळत नाही.

असाच हिशेब शिलाईचाही करा. समजा एका टी-शर्टला १० मिनिटं लागतात, युनिटमध्ये ६० शिलाई कामगार आहेत, पाळी ८ तासांची आणि कार्यक्षमता ६० टक्के. म्हणजे दिवसाला साधारण १,७२८ नग. तुम्ही ६०,००० नगांची ऑर्डर २० दिवसांत मागितलीत, तर त्यांच्याकडून होणार ३४,५६० नग. उरलेले २५,००० हून जास्त नग कुठे शिवले जाणार? एक तर रात्री जागवून, नाही तर तुम्ही कधीच न पाहिलेल्या एखाद्या शेडमध्ये. ही ऑर्डर तुम्हीच दिलेली असते, म्हणून हा हिशेब ऑर्डर देण्याआधीच करा.

किंमतीबद्दल मी जरा ठामपणे बोलणार आहे, कारण खरेदीदार इथेच विषय बदलतात. ९० दिवसांनी पैसे देणारा, सॅम्पल पास झाल्यावर रंग बदलणारा आणि दर वर्षी पाच टक्के कमी करा म्हणणारा ब्रँड कितीही सुंदर आचारसंहिता पाठवो, तिचा उपयोग नाही. कारखानदार सुताचा भाव कमी करू शकत नाही, विजेचं बिल अडवू शकत नाही. त्याच्या हातात उरतो तो कामगाराचा पगार. २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला अनेक मोठ्या ब्रँडनी शिवून तयार असलेल्या मालाच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि कामगारांचे पगार बुडाले, हे सगळ्यांनी पाहिलं. कॉस्टिंग शीटमध्ये (नगाच्या खर्चाच्या तक्त्यात) मजुरीची ओळ वेगळी काढा, मिनिटाचा दर कायदेशीर वेतनाला धरून आहे का ते तपासा आणि त्या ओळीवर घासाघीस करायची नाही असं ठरवून टाका. शक्य असेल तर काही रक्कम आगाऊ द्या.

सक्ती खुद्द सरकारच करत असेल, तर गणित बदलतं. उझबेकिस्तानात कित्येक वर्षं सरकार शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी अशा लाखो लोकांना जबरदस्तीने कापूस वेचायला पाठवत असे. तीनशेहून जास्त ब्रँडनी तो कापूस वापरणार नाही असं लिहून दिलं, देशातल्या कार्यकर्त्यांनी धोका पत्करून पुरावे गोळा केले, स्वतंत्र निरीक्षक आत जाऊ शकले. २०२१ च्या हंगामात सरकारी पातळीवरची पद्धतशीर सक्ती थांबल्याचं दिसल्यावर मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. चीनच्या शिनजियांग प्रांतातही सरकारी सक्तीचे आरोप आहेत, पण तिथे स्वतंत्रपणे आत जाऊन कामगाराशी निर्भयपणे बोलण्याची सोयच नाही. २०२० मध्ये अनेक ऑडिट कंपन्यांनीही तिथलं काम थांबवलं. जगाच्या कापसापैकी सुमारे पाचवा हिस्सा तिथे पिकतो. अमेरिकेच्या जून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे तिथल्या कोणत्याही मालात सक्तीची मजुरी आहे असंच धरलं जातं. नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. युरोपीय संघानेही सक्तीच्या मजुरीतून बनलेल्या वस्तूंवर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये केला, तो डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. माझं मत असं, की जिथे खुद्द सरकार सक्ती करतं आणि कोणाला आत जाऊन विचारता येत नाही, तिथला माल घेऊ नये. तुर्कमेनिस्तानच्या कापसालाही हेच लागू.

पण एखाद्या खासगी कारखान्यात काही सापडलं, तर लगेच ऑर्डर काढून पळू नका. तुम्ही गेलात की ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्यांचीच नोकरी जाते, आणि ज्या मुलीने तोंड उघडलं तिला पहिल्यांदा त्रास होतो. लेखी कालबद्ध योजना करा: अडकवलेली कागदपत्रं त्याच दिवशी परत, बुडवलेला पगार आणि एजंटची फी हप्त्याहप्त्याने का होईना पण परत, ज्याला घरी जायचं असेल त्याच्या प्रवासाचा खर्च. या खर्चात तुमचाही वाटा ठेवा. वेठबिगारीचा संशय असेल, तर भारतात १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण आधी त्या कामगारांशी आणि तिथल्या एखाद्या विश्वासू संघटनेशी बोला. कारखानदाराने यातलं काहीच करायला नकार दिला, तरच बाहेर पडा.

हे टिकवायचं असेल तर कामगारांची स्वतःची संघटना लागते. बाहेरचा माणूस वर्षातून दोन दिवस येतो, युनियनची प्रतिनिधी रोज तिथेच असते. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त कामगार मेल्यानंतर झालेला 'अकॉर्ड' हा कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार उपयोगी ठरला, कारण ब्रँड आणि युनियन दोघांच्या सह्या होत्या, तो कायद्याने बंधनकारक होता आणि तपासणीचे निकाल जाहीर होत होते. २०२२ मध्ये दिंडीगुलच्या एका गारमेंट युनिटसाठी स्त्री कामगारांवरचा अत्याचार थांबवायला याच धर्तीचा करार झाला. लहान ब्रँड एकट्याने असा करार करू शकत नाही हे खरं, पण 'आमच्या सप्लायरने युनियनला आडकाठी केली तर आम्ही ते कराराचा भंग समजू' एवढं वाक्य लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

तुमचे कारखाने तीनच आहेत, हे एका अर्थी चांगलं आहे. मोठ्या कंपन्यांना हजार ठिकाणी पोचायचं असतं. या हंगामात एकाच कारखान्यापासून सुरुवात करा. त्याचं कापड कुठल्या प्रोसेस हाउसमधून (रंगाईच्या कारखान्यातून) आणि सूत कुठल्या गिरणीतून येतं ते लिहून घ्या, वर दिलेला मिनिटांचा हिशेब तुमच्या मागच्या ऑर्डरीवर करून पाहा आणि सोडून गेलेल्यांची यादी मागा. आकडे जुळले नाहीत किंवा यादी द्यायला टाळाटाळ झाली, तर इथेच लिहा. कामगारांना काय विचारायचं आणि कसं, ते सविस्तर सांगेन.