चुलतभावाच्या अंगणाखालची ड्रेनेज लाईन

प्रश्न : सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घराची 2011 मध्ये नोंदणीकृत वाटणी झाली. मागचा भाग माझ्याकडे, रस्त्याकडचा चुलतभावाकडे आला. माझ्या संडास-बाथरूमची 40 वर्षांपूर्वीची लाईन त्याच्या अंगणाखालून महापालिकेच्या चेंबरला जाते. गेल्या वर्षी त्याने फरशी घालताना मधल्या चेंबरचे झाकण बुजवले. आता लाईन तुंबून न्हाणीच्या जाळीतून मैलापाणी घरात येते. तो म्हणतो, "तुझी लाईन मागच्या बोळातून काढ." मी स्वतः फरशी फोडू शकतो का?

उत्तर : फोडू नका. हक्क बहुधा आपल्या बाजूने आहे. परंतु सुविधाधिकारात (आपल्या मिळकतीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी किंवा पाइप नेण्याच्या हक्कात) आणलेला अडथळा हक्कदाराने स्वतः होऊन दूर करायचा नाही, असे भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 चे कलम 36 स्पष्ट सांगते. पहार घेऊन त्या अंगणात उतरलात, तर आज वादी होऊ शकणारे आपण उद्या फौजदारी तक्रारीत आरोपी व्हाल.

लाईन 40 वर्षे तिथेच आहे, हा मुद्दा आपल्याला सर्वांत भक्कम वाटत असेल, पण तो तसा नाही. घर एकत्र असताना स्वतःच्याच जमिनीवर सुविधाधिकार निर्माण होत नाही; त्यामुळे सलग वापराने हक्क मिळवून देणारी कलम 15 मधील 20 वर्षे वाटणीपासूनच मोजावी लागतात आणि ती अद्याप भरलेली नाहीत. आपला खरा आधार कलम 13 आहे. एकत्र मिळकतीची वाटणी होताना एका हिश्श्याच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्श्यातून जाणारी सोय आवश्यक असेल, तर वाटणीपत्रात तिचा उल्लेख नसला तरी ती त्या हिस्सेदाराला मिळते. मात्र निव्वळ गरजेवर उभा असलेला हक्क गरज संपली की संपतो. म्हणून मागच्या बोळात महापालिकेची लाईन आहे का आणि तिथपर्यंत पुरेसा उतार मिळतो का, हे जाणकार प्लंबरकडून लेव्हल काढून लेखी घ्या.

उतार मिळत असला तरी सारे संपत नाही. वाटणीच्या वेळी जी सोय उघड व अखंड होती आणि हिश्श्याचा तसाच उपभोग घेण्यासाठी आवश्यक होती, ती वाटणीपत्रात उलट काही ठरले नसेल तर पुढे चालू राहते. कायद्यात अखंड म्हणजे माणसाने काही न करता चालू राहणारी; संडासाचे पाणी माणसाने सोडल्याशिवाय वाहत नाही, तेव्हा ही सोय अखंड कशी, असा युक्तिवाद समोरून येईल. त्यासाठीच गरजेचा मुद्दा सोडू नका. जमिनीखालचा पाइप उघड कसा, असेही विचारले जाईल. त्याला उत्तर सोपे आहे : जाणकाराला नीट पाहणीत दिसेल अशी कायमची खूण पुरते आणि कलम 5 खालच्या उदाहरणात मोरीचाच दाखला आहे. बुजवलेले झाकण हीच आपली खूण होती. अंगणाचे जुने फोटो, लग्नकार्यातले का असेनात, शोधून काढा.

खर्चाच्या बाबतीत मात्र चुलतभावाची बाजू बळकट आहे. दुरुस्तीसाठी आत जाण्याचा आणि खोदण्याचा हक्क कलम 24 देते (त्याने आणलेला अडथळा स्वतः काढण्याची मुभा मात्र त्यात नाही), पण जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी आपली, म्हणजे फरशीही आपणच बसवून द्यायची. कलम 25 नुसार दुरुस्तीचा खर्च आपला; दुरुस्तीअभावी पाझर लागून त्याच्या भिंतीचे नुकसान झाले, तर कलम 26 नुसार भरपाईही आपलीच. त्याचेही सांडपाणी याच लाईनला मिळत असेल, तर तेवढ्या टप्प्याचा खर्च वाटून घेण्याची मागणी रास्त ठरते.

त्याआधी तुंबारा नेमका कुठे आहे ते पाहा. महापालिकेच्या ड्रेनेज विभागाला लेखी अर्ज देऊन रस्त्यावरचे चेंबर उघडायला लावा. ते भरलेले असेल, तर काम महापालिकेचे आहे आणि चुलतभावाशी भांडण्याचे कारणच उरत नाही. कोरडे असेल, तर दोष खासगी लाईनचा. मग वकिलामार्फत 15 दिवसांची नोटीस द्या. तिच्यात कामाचा दिवस, लागणारे तास आणि फरशी पूर्ववत करण्याची हमी लिहा, कारण न्यायाधीश ती हमी आधी पाहतात. नकार आल्यास दिवाणी न्यायालयात झाकण मोकळे करून देण्याचा आणि पुन्हा अडथळा आणण्यास कायम मनाईचा हुकूम मागावा, व सोबतच अंगणाच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज करावा. समझोता झाला, तर झाकणाची जागा नकाशावर दाखवून दस्त नोंदवून घ्या; उद्या त्याने घर विकले तरी तो उपयोगी पडेल.

चेंबर उघडल्यावर सफाईला जेटिंग मशीनच (पाण्याच्या दाबाने लाईन मोकळी करणारे यंत्र) बोलवा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मैल्याच्या चेंबरमध्ये उतरवणे हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते, आणि त्या वेळी माणूस आपण बोलावला की चुलतभावाने, एवढेच पाहिले जाईल.